सव्वातीन फुटांवरून राणीची बाग

सहली दोन प्रकारच्या असतात. एक कागदावरची, दुसरी प्रत्यक्षातली. कागदावरच्या सहलीत सारे वेळेवर उठतात, पाण्याची बाटली ओट्यावर विसरत नाही, गाडीत खिडकी मिळते आणि वाघ आपल्या आवारात अगदी पुढे येऊन पाहुण्यांची वाट पाहत उभा असतो. प्रत्यक्षातल्या सहलीत साडेतीन वर्षांचे मूल असते.

आमच्या घरातली कागदावरची सहल चिरंजीवांच्या तीर्थरूपांनी आखली. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते, रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. म्हणून जानेवारीतला एक शनिवार ठरला. सकाळी दहाला बागेच्या दारात, दुपारी दीडला बाहेर. साडेतीन तासांत एकोणीस प्राणी. म्हणजे सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला अकरा मिनिटे. वाघ असो वा कासव, न्याय सर्वांना सारखा.

आजींनी आपली यादी निराळी केली होती. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याच्या वड्या, एक डझन केळी, लिंबाचे सरबत, चिरंजीवांचे कपड्यांचे तीन जोड आणि स्वतःची शाल. “आई, आपण डोंबिवलीहून भायखळ्याला चाललो आहोत, बद्रीकेदारला नव्हे,” असे तीर्थरूपांनी नम्रपणे सुचवून पाहिले. त्यावर पिशवीत आणखी चार पुऱ्या पडल्या.

राहिले आजोबा. ते येणार नव्हते.

दाराआडची काठी

त्यामागे एक कारण होते. चौदा महिन्यांपूर्वी आजोबा न्हाणीघरात घसरले. हाड मोडले नाही, पण भरवसा मोडला. फिजिओथेरपिस्टनी काही व्यायाम सांगितले, एक काठी आणायला लावली आणि रोज थोडे चाला असे बजावले. व्यायाम चार दिवस झाले. काठी दाराआड छत्र्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काठी घेतली की लोक आपल्याला म्हातारे समजतील, असे आजोबांचे म्हणणे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोक त्यांना आतापर्यंत काय समजत होते, हे विचारण्याचे धाडस घरात कोणी केले नाही.

पडण्याचे हे भय वृद्धांच्या घरोघरी आढळते, आणि ते पडण्याइतकेच घातक ठरू शकते. भीतीने माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात, तोल सांभाळण्याची सवय जाते, आणि मग पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. म्हणजे पडू नये म्हणून बसून राहायचे आणि बसून राहिल्यामुळे पडायचे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना पासष्टीपुढच्या व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करायला सांगतात. आजोबांना हे सारे वाचून दाखवले होते. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि वर्तमानपत्र उघडले.

त्यांना घराबाहेर काढले ते चिरंजीवांनी. दाराआडची काठी ओढत ते हॉलमध्ये आले आणि म्हणाले, “आजोबा, ही आपली सोंड. तुम्ही धरा. मी दमलो की मी धरीन.” काठी घेऊन निघणे आजोबांना जमणारे नव्हते, नातवाची सोंड सांभाळणे मात्र कर्तव्यात बसत होते. ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या. कोणी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणे हेच कुटुंबाचे शहाणपण.

प्राणी क्रमांक एक : रबरी नळी

राणीची बाग मुळात प्राण्यांची नव्हे, झाडांची. १८६२ मध्ये ती ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने लोकांना खुली झाली. प्राणी पुढे आले. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, तरी मुंबईकरांच्या तोंडी ‘राणीची बाग’च राहिली. आफ्रिकेतून आलेली, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच येथे आहे, आणि भर शहरात दुर्मीळ झालेली दाट सावली आहे. त्या सावलीत शिरताच आजोबांनी मान वर करून एक दीर्घ श्वास घेतला. तीर्थरूपांनी घड्याळ पाहिले. दहा वाजून बावीस मिनिटे झाली होती. वाघ आणि अस्वल दोघेही वेळापत्रकात मागे पडले होते.

चिरंजीवांनी पहिला मुक्काम केला तो झाडांना पाणी घालणाऱ्या माळीदादांपाशी. त्यांच्या रबरी नळीला एक बारीक भोक होते आणि त्यातून हातभर उंचीचे कारंजे उडत होते. कारंजे पाहून झाले, त्याला बोट लावून झाले, बोट काढल्यावर ते पुन्हा उडते का हे तपासून झाले. आणि ते खरेच दर वेळी उडते याची खात्री सुमारे वीस वेळा करून घेण्यात आली. दुसरा मुक्काम मुंग्यांपाशी. शेंगदाण्याच्या वडीचा एक कण त्या आपल्या बिळाकडे ओढून नेत होत्या. तिसरा मुक्काम कावळ्यापाशी.

“अरे, कावळा आपल्या खिडकीतही येतो!” तीर्थरूप कळवळून म्हणाले.

“हा तो नाही,” चिरंजीवांनी खुलासा केला, “हा राणीच्या बागेतला आहे.”

या उत्तरात हट्ट कमी आणि तर्क अधिक आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण शंभर सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन फुटांच्या आसपास असते. एवढ्या उंचीवरून प्राणिसंग्रहालय पाहायचे तर आधी मोठ्यांचे गुडघे दिसतात, मग खांद्यांवरून लोंबणाऱ्या पिशव्या, मग कठडा. आणि त्यापलीकडे, कोणी उचलून घेतले तरच, वाघ. मुंगी, कावळा आणि गळकी नळी मात्र थेट त्याच्या टप्प्यात असतात. त्या हलतात आणि आपण काही केले की त्यांचेही काहीतरी होते. या वयाचे मूल शिकते ते अशाच गोष्टींतून : हात लावून, पुन्हा पुन्हा करून. आपल्याला वेळेचा अपव्यय वाटतो, तो त्याचा अभ्यास असतो.

शिवाय तो अभ्यास चालताना, वाकताना, उकिडवे बसताना, मोकळ्या उजेडात घडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हायला हवी. त्यांतली तासभर तरी दमसास लावणारी हवी. त्यांना बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाहून अधिक बांधून ठेवू नये. उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात वेळ घालवणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, हेही आता चांगले सिद्ध झाले आहे. या हिशेबाने पाहिले तर रबरी नळीने अकरा वाजायच्या आत बरेच काम करून टाकले होते.

आणखी एक गोष्ट तिथे ध्यानात आली. चिरंजीव दहा पावले चालत आणि थांबत. आजोबाही दहा पावले चालत आणि थांबत. चिरंजीवांना दर अर्ध्या तासाने पाणी हवे होते, तासाने स्वच्छतागृह हवे होते, वेळेवर जेवण हवे होते आणि दुपारी डुलकी हवी होती. आजोबांची मागणीपत्रिका शब्दशः तीच होती. एक जण सोंड धरून आणि दुसरा त्या सोंडेचे टोक धरून असे दोघे एका चालीने पुढे जात होते. दमत होतो ते आम्ही मधल्या पिढीतले दोघे, सारखे पुढे जाऊन मागे वळून पाहणारे.

वाघाचे शेपूट आणि एक पाटी

वाघ झोपला होता. वाघ मुख्यतः संध्याकाळ ते पहाट या वेळात हिंडणारा प्राणी. दिवसाचा मोठा भाग तो विश्रांतीत घालवतो. म्हणजे भर दुपारी त्याने झोपणे हे त्याचे आरोग्य उत्तम असल्याचे लक्षण होय. जमलेल्या मंडळींना हे मान्य नव्हते. “उठ रे!” असे कोणी मराठीत आणि कोणी हिंदीत सांगून पाहिले. दिसत होता तो एक मागचा पाय आणि शेपटीचे टोक. आजोबा बाकावर टेकले आणि नातवाला म्हणाले, “आपण फक्त शेपटीवर लक्ष ठेवायचे.” दोघांनी ठेवले. बऱ्याच वेळाने टोक एकदा उजवीकडे हलले. “हलली!” चिरंजीवांनी आरोळी ठोकली. त्या दिवशी पूर्ण वाघ पाहायला आलेले अनेक जण निराश परतले; शेपूट पाहायला बसलेले दोघे तृप्त होते.

पुढे माकडांपाशी आजींचा हात नकळत वड्यांच्या डब्याकडे गेला. तेवढ्यात चिरंजीवांनी समोरच्या पाटीवर काय लिहिले आहे, असे विचारले. आजोबांनी चष्मा सावरून खणखणीत आवाजात वाचले : प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत. मग त्यामागची कारणेही सांगितली. या प्राण्यांचा आहार ठरलेला असतो. आपल्या गोडाने त्यांचे दात किडतात, वजन वाढते, पोट बिघडते. आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खाऊ घालणे किंवा चिडवणे हा गुन्हा आहे. डबा बंद झाला.

चिरंजीव मात्र पाटीपाशीच उभे होते. सकाळपासून त्यांच्यामागे अर्धी दशमी, एक केळे आणि दोन पुऱ्या घेऊन घरातली तीन माणसे आळीपाळीने फिरली होती. काही क्षण विचार करून ते म्हणाले, “मला पण अशी पाटी पाहिजे.”

हसू ओसरल्यावर त्या मागणीत बरेच तथ्य आढळले. निरोगी मुलाला आपल्या भुकेची जाण उपजतच असते. एक दिवस ते चार घास खाते, दुसऱ्या दिवशी चौदा. आठवडाभराचा मेळ घातला तर बहुधा सारे बरोबर निघते. काय द्यायचे, केव्हा द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलावर सोपवावे. पाठीमागे फिरून, गोष्टीत गुंतवून, मोबाइल दाखवून भरवलेला घास पोटात जातो खरा, पण त्याबरोबर भूक ओळखण्याची सवय बोथट होते. सहलीत तर हा मोह अधिकच. डबे भरलेले असतात आणि ते रिकामे करून परत न्यायचे असतात! आम्ही सावलीत चटई अंथरली, साबणाने हात धुतले, डबे मध्ये ठेवले आणि कोणालाही काहीही भरवले नाही. चिरंजीवांनी अडीच पुऱ्या स्वतःहून संपवल्या.

पाणघोडा, आडवे पडणे आणि दुपारची झोप

पाणघोड्याने मात्र कोणालाच निराश केले नाही. आधी बराच वेळ पाण्यावर दोन नाकपुड्या तेवढ्या दिसत होत्या. पाण्याखाली जाताना हा प्राणी नाक आणि कान घट्ट मिटून घेतो आणि चार-पाच मिनिटे सहज राहू शकतो. त्याची कातडी उन्हात लवकर सुकते, म्हणून दिवस तो पाण्यात काढतो. शिवाय तिच्यातून पाझरणारा तांबूस द्राव उन्हापासून तिचे रक्षण करतो. ही माहिती टोपी घालायला सकाळपासून नकार देणाऱ्या चिरंजीवांना सांगण्यात आली. पाणघोडा स्वतःचे मलम स्वतः बनवतो आणि आपल्याला टोपी लागते, हे त्यांना पटत आले होते, तोच पाणघोडा पाण्याबाहेर आला, पाठमोरा झाला आणि आपली आखूड शेपटी पंख्यासारखी फिरवत त्याने जे उधळायचे ते चहूकडे उधळले. ही त्याची हद्द आखण्याची रीत आहे, असे तीर्थरूप सांगू लागले; पण ऐकायला कोणी शुद्धीवर नव्हते. चिरंजीव हसून हसून खाली बसले होते. आणि आजोबाही काठीवर दोन्ही हात टेकून, डोळे पुसत हसत होते. चौदा महिन्यांत त्यांना असे हसताना आम्ही पाहिले नव्हते.

मग पाऊण वाजला, आणि चिरंजीव रस्त्याच्या मधोमध आडवे झाले. कारण असे काही नव्हते. पाणघोड्याला घरी न्यायचे नाही, एवढेच त्यांना कळले होते. खरे कारण भलतेच. पहाटे उठणे, गाडीतली गर्दी, नव्या आवाजांचा मारा आणि डोळ्यांवर आलेली झोप. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या विशीनंतरही घडत असतो. साडेतिसाव्या महिन्यात काय किंवा साडेतिसऱ्या वर्षी काय, त्याचे बांधकाम नुकतेच पायापर्यंत आलेले असते. अशा वेळी समजावणे, रागावणे, लाज दाखवणे यांतले काहीच पोहोचत नाही. पोहोचतो तो सावकाश आवाज, सावली, पाण्याचा घोट आणि जवळ बसलेले एखादे माणूस.

ते माणूस आजोबा झाले. ते बाकावर बसले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, “मलासुद्धा आडवे पडावेसे वाटतेय. पण मी पडलो तर मला उचलायला सोंड लागेल.” रडणे थोडे थबकले. थोड्या वेळाने सोंड उचलून चिरंजीव बाकापाशी आले आणि आजोबांच्या मांडीवर डोके ठेवून झोपले. वर पर्जन्यवृक्षाची सावली होती. आजींनी शाल पांघरली. अखेर बद्रीकेदारची तयारी कामी आली.

पुढची चाळीस मिनिटे तीर्थरूप यादी घेऊन एकटेच हिंडले. पाच प्राणी पाहून आले. त्यांना त्याबद्दल कोणी काही विचारले नाही.

चालावे कसे, हे पेंग्विनकडून

पेंग्विन कक्षात शिरल्यावर मोठ्या माणसांचे प्राणिप्रेम एकाएकी वाढते. तिथला गारवा पेंग्विनांसाठी असतो, पण काचेपुढून माणसेही हलायला तयार नसतात. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊलहून मुंबईत आले आणि मार्च २०१७ मध्ये लोकांना पाहायला मिळाले. “पण बर्फ कुठे आहे?” असा प्रश्न आजींनी विचारला. बर्फ लागतो तो अंटार्क्टिकातल्या त्यांच्या भावंडांना. हम्बोल्ट पेंग्विन राहतात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, जिथे थंड पाण्याचा प्रवाह वाहतो पण बर्फ नसतो.

एक पेंग्विन पाण्याबाहेर येऊन डुलत डुलत चालू लागला. चिरंजीवांनी निरखून पाहिले आणि साऱ्या कक्षाला ऐकू जाईल अशा स्वरात जाहीर केले, “आजोबांसारखा चालतो!”

क्षणभर आम्ही सारे काचेकडेच पाहत राहिलो. आजोबाही पाहत होते. मग म्हणाले, “बघ, पाय जरा फाकवलेले, पाऊल छोटे, अंग पुढे झुकलेले. म्हणून तो ओल्या दगडावरही सावरतो.” त्यांचे निरीक्षण बिनचूक होते. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ गोठतो, तिथे लोकांना पडू नये म्हणून नेमके हेच सांगतात : पेंग्विनसारखे चाला. छोटी पावले, पाऊल पूर्ण टेकून, भार पुढच्या पायावर. फिजिओथेरपिस्टनीही याहून फार वेगळे सांगितले नव्हते. फक्त त्यांना पंख नव्हते.

बाहेर पडताना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात उभा असलेला दगडी हत्ती पाहिला. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो खाली पडून फुटला. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आजोबांनी ही कथा नातवाला अगदी साधी करून सांगितली. “तोही पडला होता. तुकडे झाले. मग लोकांनी जोडला.”

“मग त्याला काठी दिली का?” चिरंजीवांनी विचारले.

“नाही,” आजोबा म्हणाले, “म्हणून तो एकाच जागी उभा आहे.”

निघण्यापूर्वी

लहान मूल आणि वृद्ध यांना घेऊन निघायचे तर थोडी तयारी उपयोगी पडते. पाहायच्या प्राण्यांची यादी चार-पाचांवर आणावी. बाकीचे पुढच्या वेळी तिथेच असतात. सकाळच्या थंड वेळी पोहोचावे, टोपी आणि सुती कपडे घालावेत, आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी द्यावे. कठडे, काचा आणि बाके यांना हात लागतातच. म्हणून खाण्यापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुणे चुकवू नये. माती लागलेल्या हातांना नुसते सॅनिटायझर पुरत नाही. मुलाच्या खिशात पालकांच्या फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढून ठेवावा. गर्दीत चुकामूक झाली तर वर्णन करताना आठवणीवर विसंबावे लागत नाही. वृद्धांची नेहमीची औषधे वेळेवर द्यावीत, आणि बसायला बाक दिसले की ते दमण्यापूर्वीच बसावे. दुपारच्या झोपेला वेळापत्रकात जागा ठेवावी. आपण ठेवली नाही तर ती स्वतः जागा करून घेते, तीही रस्त्याच्या मधोमध.

तीर्थरूपांच्या हिशेबाने आम्ही एकोणिसांपैकी सहा प्राणी पाहिले. चिरंजीवांच्या हिशेबाने नऊ, कारण त्यांत नळी, मुंग्या आणि कावळा धरलेले होते. आजोबांच्या खिशातल्या मोबाइलने पाच हजारांहून अधिक पावले मोजली होती. रात्री त्यांचे पाय दुखले, गरम पाण्याने शेकले आणि दुसऱ्या दिवशी ते उशिरा उठले.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीच्या फाटकापाशीचा कावळा कोणत्या बागेतला आहे, हे ठरवायला दोघे खाली उतरले. तेव्हापासून हा तपास रोज चालू आहे. काठी आता दाराआड नसते. चपलांच्या शेजारी असते. घरातल्या कोणी तिला काठी म्हटले, तर चिरंजीव चूक दुरुस्त करतात.